एफएसआयचं बिल कोण भरतं?

लातूरला आणि मुलुंडला सिमेंटची गोणी साधारण सारख्याच भावात मिळते. सळईचा दर सारखा, टाइल्स दोन्हीकडे मोरबीहूनच येतात. गवंड्याची मजुरी मुंबईत जास्त असेल, पण दहापट नक्कीच नाही. तरीही लातुरात जेवढ्या पैशांत अंगण असलेलं घर होतं, तेवढ्यात मुलुंडला एक धड खोली येत नाही. "जागेचा भाव आहे बाबा, मुंबईला तीन बाजूंनी पाणी," असं म्हणून आपण विषय संपवतो. पाणी आहे हे खरंच. पण एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सारखे प्लॉट असतील, एक निवासी पट्ट्यात आणि दुसरा ना-विकास क्षेत्रात, तर माती तीच असूनही भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कारण आपण जागा म्हणून जे विकत घेतो, त्यातला मोठा भाग मातीचा नसतोच. त्या मातीवर काय आणि किती बांधायची मुभा आहे, तिचा असतो. ती मुभा सरकार ठरवतं. घराच्या किमतीवर बोलायचं तर बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं.

ही मुभा मोजण्याचं माप म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला सगळे एफएसआय म्हणतात. प्लॉट १,००० चौरस मीटरचा आणि एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येतं. अर्ध्या प्लॉटवर दोन मजले चढवा किंवा पाव प्लॉटवर चार, बेरीज तेवढीच. म्हणून एफएसआय जास्त म्हणजे इमारत उंच, हा समज चुकीचा आहे. गिरगाव-काळबादेवीतल्या चार-पाच मजली चाळी जवळजवळ अख्खा प्लॉट व्यापून उभ्या आहेत. त्यांनी वापरलेला एफएसआय उपनगरातल्या बऱ्याच सात मजली सोसायट्यांपेक्षा जास्त भरतो.

साठच्या दशकात मुंबईचा पहिला विकास आराखडा आला आणि त्याबरोबर एफएसआयचा अंमल सुरू झाला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे मूळ आकडे होते. एवढ्या दाटीच्या शहरासाठी ते फार कमी होते. त्यामागचा विचार सरळ होता: बांधकाम कमी होऊ दिलं तर माणसं कमी येतील, पाणी-गटार-लोकलवरचा ताण आटोक्यात राहील.

माणसं कमी आली नाहीत. १९५१ मध्ये तीस लाखांच्या घरात असलेली मुंबई १९९१ मध्ये ९९ लाखांवर गेली आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांवर. काम इथे होतं, माणूस येणारच. नियमाने फक्त एवढंच झालं की त्याच्यासाठी कायदेशीर घर बांधलं गेलं नाही. मग त्याने नाल्याकाठी, डोंगरउतारावर, रेल्वेच्या कडेला पत्रे ठोकले. २०११ मध्ये मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती. ज्याला थोडंफार परवडत होतं तो विरार, बदलापूर, टिटवाळ्याला गेला आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये घालू लागला. गर्दी टाळण्यासाठी केलेल्या नियमाने गर्दी नुसती हलवली, आणि तीही जिथे नळ, गटार, शाळा सगळ्यात कमी होत्या तिथे.

एकटा एफएसआय याला जबाबदार नाही. भाडे नियंत्रणाचा कायदाही तितकाच आहे, आणि त्याच्याकडे नीट पाहायला हवं, कारण तो चांगल्या हेतूने झाला होता. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ती १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. फाळणीनंतर निर्वासित येत असताना भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं हे कोणत्याही सरकारचं कर्तव्यच होतं. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षं चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे असं सांगितलं, तेव्हा कुठे १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. वाढ मिळाली तीही त्या जुन्या आकड्यावर.

तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्वातंत्र्याआधीच्या मुंबईत चाळ बांधून खोल्या भाड्याने देणं हा सरळ धंदा होता. शेठ पैसे गुंतवायचे, कोकणातून-घाटावरून आलेला माणूस महिन्याच्या पगारातून भाडं भरायचा, घर विकत घ्यायची गरजच नव्हती. भाडं गोठल्यावर नवी चाळ बांधणारा मूर्ख ठरला असता, म्हणून कोणी बांधली नाही. जुन्या चाळींच्या मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, कारण महिन्याला हातात येणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीही बदलून होत नव्हती. भाडेकरूंनी पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, खोल्या फिरवल्या. इमारती पडू लागल्या तेव्हा सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून अधिक होत्या. अजूनही दर पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी लागते. २०१७ मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली तेव्हा तीसहून अधिक माणसं गेली.

भीती मात्र मागे उरली. घर भाड्याने दिलं तर परत मिळेल का, ही धास्ती आजही अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात दिसते. मुलाच्या शाळेचं वर्ष संपायच्या आत बिऱ्हाड हलवायला लागलेल्या कोणालाही तो करार काय असतो ते विचारा. आणि ज्यांना एवढीही जोखीम नको ते घर बंदच ठेवतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी निघाली. ज्या शहरात लाखो माणसं दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, तिथे.

१९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदाही याच रांगेतला. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन कोणी ठेवायची नाही, जास्तीची सरकारने घेऊन गरिबांना घरं बांधायची. प्रत्यक्षात जमीन कोर्टकज्ज्यांत आणि सवलतींच्या फायलींत अडकली. केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. तीस वर्षं मोठाल्या जमिनी बाजारात आल्याच नाहीत, एवढंच त्यातून शिल्लक राहिलं.

आता नव्वदच्या दशकाकडे येऊ, कारण आजच्या किमतींचं कोडं तिथेच उलगडतं. सरकारच्या तिजोरीत पैसे नव्हते, पण एफएसआय हातात होता. तो देणं-न देणं सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर होतं. मग एफएसआय चलनासारखा वापरात आला. रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन हवी? मोबदला पैशात देऊ नका, टीडीआर द्या, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क. मालक तो विकेल, दुसरा कोणी दुसरीकडे वापरेल. उपकरप्राप्त इमारतीतल्या भाडेकरूला फुकट घर द्यायचंय? बिल्डरला जादा एफएसआय द्या. १९९५ मध्ये युतीने चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं द्यायचं वचन दिलं होतं. त्यासाठी उभ्या राहिलेल्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतही तेच: बिल्डरने झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर फुकट बांधून द्यायचं (आता ते ३०० झालं आहे) आणि बदल्यात मिळालेल्या एफएसआयवर विक्रीची इमारत उभी करून खर्च वसूल करायचा. पुढे पालिकेनेही प्रीमियम घेऊन एफएसआय विकायला सुरुवात केली.

कोणाचंच यात वाईट झालं नाही, असं वाटतं. सरकारचा पैसा गेला नाही, गरिबाला घर मिळालं, बिल्डरला नफा मिळाला. मग पैसे आले कुठून? ते दिले विक्रीच्या इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने. पस्तिशीतलं नोकरदार जोडपं, वीस वर्षांचं कर्ज.

एका सोसायटीचा हिशेब मांडून बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत, ते कोणत्या खऱ्या सोसायटीचे नाहीत. पुनर्विकासाच्या सभेला जे कोणी बसले असतील त्यांना सांगाडा ओळखीचा वाटेल. सोळा सभासद, प्रत्येकाचं घर ५०० चौरस फूट. नव्या इमारतीत एकूण २४,००० चौरस फूट होणार. सभासदांना प्रत्येकी ६५० द्यायचे ठरले, म्हणजे १०,४०० गेले. विकायला उरले १३,६००. बांधकामाचा खर्च फुटाला ५,००० धरला तर १२ कोटी. सभासदांचं दोन-तीन वर्षांचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डर सोसायटीला देतो ती एकरकमी रक्कम) मिळून ४ कोटी. प्रीमियम, टीडीआर आणि पालिकेची बाकीची शुल्कं ६ कोटी. एकूण २२ कोटी, आणि ते वसूल करायचे आहेत फक्त त्या १३,६०० फुटांतून. फुटाला १६,००० रुपयांच्या वर गेले. यात बिल्डरचा नफा नाही, कर्जाचं व्याज नाही, जाहिरात नाही. जी वस्तू बांधायला ५,००० लागले ती मुळातच तिपटीने महाग झाली.

आता पालिकेने ते ६ कोटी घेतलेच नाहीत असं समजा. दर ११,८०० च्या खाली येतो. आणि त्याच प्लॉटवर २४,०००ऐवजी ३६,००० फूट बांधू दिले तर? बांधकाम १८ कोटी, भाडं-कॉर्पस ४ कोटी, विकायला २५,६०० फूट. दर ८,६०० रुपये. प्लॉट तोच, सभासद तेच, त्यांना मिळालेलं घरही तेवढंच. बदलला तो फक्त सरकारी कागदावरचा आकडा.

पण म्हणून एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतात, असं लगेच म्हणता येत नाही. ही गाठ नीट सोडवायला हवी, कारण बिल्डरांची बाजू मांडणारे आणि बिल्डरांना शिव्या देणारे दोघंही इथेच घसरतात. बिल्डर खर्चावर भाव ठरवत नाही. आजूबाजूला काय भाव चालू आहे त्यावर ठरवतो. शेजारी २५,००० चा दर असेल आणि आपल्या एकाच सोसायटीला जादा एफएसआय मिळाला, तर बिल्डर २५,००० नेच विकणार. वाचलेले पैसे जातील कुठे? पुढच्या सभेत सभासद म्हणतील, "त्या गल्लीतल्या सोसायटीला पन्नास टक्के जास्त एरिया मिळाला, आपल्याला का नाही?" आणि तो फायदा जुन्या सभासदांकडे, म्हणजे जमिनीच्या मालकांकडे सरकेल. ज्याच्याकडे आधीच घर आहे त्याचं घर मोठं होतं, ज्याच्याकडे नाही त्याला जैसे थे. भाव खाली यायचा तर शेजारच्या शंभर सोसायट्यांनाही तीच मुभा हवी, आणि ती एकाच वेळी, अर्ज-विनंत्या न करता मिळायला हवी. गिऱ्हाईक शोधायची पाळी बिल्डरवर यायला हवी.

आपली पद्धत नेमकी उलट आहे. एफएसआय थोडा-थोडा, प्रकरणागणिक, कलमागणिक सुटतो. उपकरप्राप्तला एक कलम, म्हाडा वसाहतीला दुसरं, झोपडपट्टीला तिसरं, समूह विकासाला चौथं, हॉटेलला वेगळं. प्रत्येक कलमाला स्वतंत्र फाइल, स्वतंत्र टेबलं. अशा चक्रव्यूहातून ज्याच्याकडे चार-पाच वर्षं व्याज भरायची ताकद आणि मंत्रालयात ओळख आहे तोच बाहेर पडतो. लहान बिल्डर, सहकारी सोसायटी, वाडवडिलांच्या प्लॉटवर चार भाडेकरूंसाठी इमारत बांधू पाहणारा साधा माणूस बाजूला पडतो. मोजकेच विकणारे उरले की भाव कोण पाडणार?

याहून अवघड गोष्ट अशी की आता सरकारलाच भाव पडलेले परवडत नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना वांद्र्याला पटकन जमते आणि मानखुर्दला रखडते, कारण विक्रीची इमारत महागात गेली तरच फुकट घरांचा खर्च निघतो. म्हणजे गरिबाचं घर दुसऱ्याच्या महाग घरावर टेकलेलं आहे. चाळीस लाखांच्या त्या वचनाच्या जवळपासही आपण तीस वर्षांत पोचलो नाही, त्याचं मोठं कारण हे. पालिकेचंही तसंच. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली आणि बांधकाम परवानग्यांतून येणाऱ्या पैशाचं वजन वाढलं. २०२१ मध्ये सरकारने वर्षभर प्रीमियम निम्मे केले तर प्रस्तावांची अशी रीघ लागली की त्या वर्षी मुंबई पालिकेचं या खात्यातलं उत्पन्न उलट विक्रमी झालं. राज्य सरकारला मुद्रांक शुल्क मिळतं, तेही किमतीच्या टक्क्यांत. घरं स्वस्त व्हावीत असं भाषण करणाऱ्या प्रत्येक खात्याचं बजेट घरं महाग असण्यावर उभं आहे. मला हा यातला सगळ्यात गंभीर भाग वाटतो.

एक आक्षेप इथे मनापासून ऐकून घ्यायला हवा. नवी मुंबईची कल्पना ज्यांनी चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्यासह १९६५ मध्ये मांडली ते स्थापत्य अभियंते शिरीष पटेल शेवटपर्यंत सांगत राहिले की नुसता एफएसआय पाहू नका, रस्ते, फुटपाथ, मैदानं, शाळा यांची जागा दरडोई किती उरते ते पाहा. इमारतीत मजले चढवता येतात, रस्ता रुंद करता येत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा असा की श्रीमंत माणूस दरडोई जास्त चटई वापरतो. चारशे कुटुंबांच्या चाळीच्या जागी उंच टॉवर आला तर एफएसआय वाढूनही माणसं कमी होऊ शकतात आणि गाड्या मात्र वाढतात.

याचा दाखला गिरणगावात आहे. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन, मुंबईच्या अगदी पोटात. १९९१च्या नियमात ढोबळमानाने तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची ठरलं. शेड जिथे उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली, बागेच्या आणि घरांच्या वाट्याला फार थोडं आलं. प्रकरण न्यायालयात गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. लोअर परळला काचेच्या इमारती आल्या, त्यांत काम करणारी लाखभर माणसं आली, आणि त्यांना स्टेशनातून बाहेर काढायला जुनेच अरुंद पूल राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. आणि ज्या गिरणी कामगारांच्या नावाने हे सगळं सुरू झालं, त्यांच्या वारसांना आता बदलापूरच्याही पुढे वांगणी आणि शेलूला घरं देऊ केली जात आहेत.

पटेलांचा आक्षेप मी असा वाचतो: जास्त बांधू द्या, पण आधी रस्ता आखा. जुन्या मुंबईला हे जमलं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगाव-मांडवीत त्याने गरिबांची बरीच घरं पाडली, ते काही कौतुकाचं नव्हे. पण दादर-माटुंग्याला त्याने मोकळी जमीन घेऊन आधी रस्ते काढले, गटारं घातली, बागांच्या जागा सोडल्या आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स त्यातूनच झाले. शंभर वर्षांनी तिथली घरं महाग झाली, पण फुटपाथवरून आजही आजीला हात धरून नेता येतं.

जमीन जबरदस्तीने न घेताही हे करता येतं, आणि ती रीत आपल्याच घरातली आहे. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र करायचे, प्रत्येकाकडून ठरावीक वाटा रस्ते-बाग-शाळेसाठी काढायचा आणि उरलेली जमीन सरळ, रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटच्या रूपात त्याच मालकाला परत द्यायची. जमीन घटते, पण तिचा भाव इतका वाढतो की मालक खुशीने बसतो. पार्ले, सांताक्रूझ, बोरिवलीच्या पत्त्यांत अजून "टीपीएस" (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना) सापडतं ते याचंच. पुढे आपण ही रीत जवळपास सोडून दिली. अहमदाबादने ती धरून ठेवली. तिथे मालकांकडून साधारण चाळीस टक्के जमीन घेऊन शहराच्या कडा वस्ती यायच्या आधी आखल्या गेल्या. हडपसरला मगर मंडळींनी सुमारे १२० शेतकरी कुटुंबांच्या चारशेहून अधिक एकर जमिनीची कंपनी करून मगरपट्टा उभारलं, तेही याच विचाराच्या जवळ जाणारं. आणि जमीन नुसती संपादित केली की काय होतं हे नवी मुंबईत दिसलं: ९५ गावांची जमीन गेली, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, आणि मग कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं.

शहराची कड आखली नाही तर ती रिकामी राहत नाही. पुण्याच्या, छत्रपती संभाजीनगरच्या, नागपूरच्या भोवती जा. शेतजमीन बिगरशेती करून रीतसर लेआउट मंजूर करायचा तर फाइल वर्षानुवर्षं फिरते, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्याचं खरेदीखत होत नाही (२०२५ मध्ये सरकारने तो शहरी हद्दीत शिथिल केला). मग शेतकरी नोटरीवर गुंठा-गुंठा विकतो. रिक्षावाला, वॉचमन, धुणंभांडी करणारी बाई यांची आयुष्याची कमाई त्या एका गुंठ्यात जाते. सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. खासगी सावकार देतो, महिन्याला तीन टक्क्यांनी. रस्ता दहा फुटांचा, त्यात पाण्याचा टँकर जेमतेम शिरतो. वस्ती भरली की मतं दिसतात आणि सरकार नियमित करतं. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० पर्यंत वाढवली. नियमित होतं ते घर. रस्ता दहा फुटांचाच राहतो, पिढ्यानपिढ्या.

घराचा प्रश्न इथून पगाराच्या आणि भरभराटीच्या प्रश्नात जातो. शहर माणसाला श्रीमंत करतं ते जवळपणामुळे: एक नोकरी सुटली तर दुसरी मिळते, कारागिराला गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईकाला कारागीर सापडतो, शिकणाऱ्याला शिकवणारा. यवतमाळच्या मुलीला पुण्यात गावापेक्षा दुप्पट पगार मिळतो, पण पीजीच्या एका खाटेला, मेसला आणि बसला त्यातला निम्मा जात असेल तर घरचे म्हणतात, इथेच काहीतरी बघ. तिचं नुकसान होतंच, पण जी कंपनी तिला घेणार होती तिचंही होतं. बदलापूरहून निघणाऱ्या बाईला सकाळी सहाची लोकल पकडायची तर डबे पहाटे चारला; मूल झालं की ती नोकरी सोडते, आणि तिने सोडलं याची नोंद कोणत्याही गृहनिर्माण धोरणात होत नाही. ज्याच्या हातात चार पैसे आहेत तो लहानसा कारखाना काढायच्या ऐवजी दुसरा फ्लॅट घेऊन ठेवतो, कारण त्यात डोक्याला ताप नाही. धंद्यात जायचा पैसा बंद फ्लॅटच्या कुलपात जातो.

दुसरीकडे काय चालतं याचं एकच उदाहरण देतो. जपानमध्ये जमीन-वापराचे पट्टे देशभर एकाच कायद्याने ठरतात, प्रकार तेरा. निवासी पट्ट्यात दुकान, दवाखाना चालतो. मुख्य म्हणजे नियमात बसलं की परवानगी हक्काने मिळते, कोणाच्या मर्जीने नाही. टोकियोत दरवर्षी लाखाहून अधिक नवी घरं सुरू होतात. शहराची लोकसंख्या वाढत असतानाही तिथल्या भाड्यांनी लंडन-न्यूयॉर्कसारखी उडी घेतली नाही. तिथली रेल्वे आणि भूकंपाचे नियम आपल्याकडे उचलून आणता येणार नाहीत, पण "नियमात बसतंय ना, मग बांध" हे आणता येईल.

माझी मागणी साधी आहे. स्टेशन आणि मेट्रोच्या आजूबाजूला, जिथे रस्ता आहे किंवा आधी काढता येतो, तिथे सगळ्यांना सारखा, भरपूर आणि प्रीमियमशिवाय एफएसआय. पालिकेला पैसे हवेतच, ते दरवर्षीच्या मालमत्ता करातून घ्या, म्हणजे बंद फ्लॅटवाल्यालाही भरावे लागतील. गरिबाच्या घरासाठी सरळ बजेटमधून तरतूद, शेजारच्या टॉवरच्या भावावर ती टांगून ठेवू नका. भाड्याच्या करारांचे तंटे वर्षांऐवजी आठवड्यांत मिटवणारी यंत्रणा. आणि शहराच्या कडेला नगररचना योजना, माणसं पोचायच्या आधी.

२०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यात स्टेशनांजवळ ८ पर्यंत एफएसआय सुचवला होता. मसुद्यात चुकाही ढीगभर होत्या. कुठे देवळावर आरक्षण, कुठे वसलेल्या इमारतीवरून रस्ता. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितला. चुका दुरुस्त व्हायलाच हव्या होत्या. पण हरकत घेणारे बहुतेक त्याच वॉर्डात घर असलेले होते. वॉर्डात भाड्याने राहणारा, रोज कर्जतहून तिथे कामाला येणारा यांची हरकत त्या ढिगात फारशी नसणार, कारण आपण हरकत घेऊ शकतो हेच त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. कायद्यात घरमालकच हवा अशी अट नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की पालिकेत आणि संकेतस्थळावर नकाशे लागतात, मुदत राजपत्रात छापतात. साध्या कागदावर मराठीत लिहायचं: नकाशाचा शीट क्रमांक, जागेचा सिटी सर्व्हे नंबर किंवा निदान रस्त्याचं नाव, काय बदल हवा आणि का. पोच घ्यायची आणि सुनावणीची तारीख आली की जायचं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, तुमचं जे शहर असेल त्याचा पुढचा मसुदा केव्हा येतोय, ते नगररचना विभागात आजच विचारून ठेवा.